चौघा मित्रांच्या लांबच्या भटकंतीसाठी भरवशाची फोर बाय फोर कुठली घ्यावी?

धुळवाट

नमस्कार मंडळी. आम्ही चौघे मित्र आहोत, कॉलेजपासूनचे. आजवर भाड्याच्या गाड्या घेऊन फिरलो, आता चौघांत मिळून एक गाडी घ्यायचं ठरवलंय. वर्षातून दोनदा, दोन-अडीच आठवड्यांची सहल. कच्चे रस्ते, वाळू, नदीचे उतार, थोडाफार डोंगर. मुक्काम तंबूत. मध्ये सलग तीन-चार दिवस पंप नाही, गॅरेज नाही, फोनला रेंज नाही, अशा वाटा आम्हाला आवडतात. चिखलात गाड्या घालायची किंवा शर्यतीची हौस कुणालाच नाही.

हा धागा काढायचं कारण मागची सहल. भाड्याची गाडी ऑल व्हील ड्राइव्ह होती, दिसायला दणकट. वाळूच्या एका लांब चढावर दोनदा अडकलो. तिसऱ्यांदा जोर लावला तेव्हा करपल्यासारखा वास आला आणि समोर सूचना आली की ड्राइव्हचा क्लच तापलाय. त्यानंतर जवळजवळ वीस मिनिटं गाडी फक्त पुढच्या दोन चाकांवर चालली. भर दुपारी चौघं गाडीच्या सावलीत बसून होतो. तेव्हा ठरलं की पुन्हा असं नको.

डोळ्यासमोर तीन पर्याय आहेत. एक, तीन दारांची सुझुकी जिम्नी, कारण ती हलकी आहे आणि कुठूनही निघते असं सगळे सांगतात. दोन, चासीवरची (म्हणजे वेगळ्या लोखंडी सांगाड्यावर बांधलेली) मोठी जुनी डिझेल गाडी, सेकंड हँड, 1 लाख 90 हजार किलोमीटर झालेली. तीन, नवा डबल कॅब पिकअप. घेतल्यावर करायच्या कामांची यादीही तयार आहे: दोन इंच लिफ्ट (म्हणजे गाडी तेवढी उंच करणं), मोठे टायर, पुढे लोखंडी बंपर आणि विंच (अडकलेली गाडी ओढून काढायचं यंत्र), टपावर कॅरिअर आणि त्यावर तंबू.

भरवशाची म्हणजे नक्की काय बघायचं? ज्यांनी मित्रांबरोबर असा प्रवास खरोखर केलाय त्यांनी सांगावं.

खडकाळ

मागच्या वेळी जे झालं ते समजून घ्या म्हणजे अर्धी निवड होऊन जाईल. तशा बहुतेक गाड्यांत मागच्या चाकांना ताकद एका छोट्या क्लचमधून जाते. निसरड्या रस्त्यावर तो उत्तम काम करतो, पण खोल वाळूत मिनिटामागून मिनिटं घसरत राहिला की तापतो आणि स्वतःला वाचवायला सुटतो. तुम्हाला हवा तो खरा ट्रान्सफर केस, म्हणजे पुढच्या-मागच्या दोन्ही अ‍ॅक्सलला ताकद वाटणारा गिअरचा डबा, लो रेंज असलेला. जिम्नीत लो रेंज साधारण 2:1 आहे, जीप रँग्लरच्या रुबिकॉनमध्ये 4:1. लो रेंज म्हणजे तीच ताकद हळू आणि वाढवून चाकाला मिळते. चढापेक्षा उताराला तिची किंमत कळते, ब्रेकला पाय न लावता गाडी इंजिनवर धरून उतरते.

रानवाट

धुळवाट, तुमचा प्रश्न मनापासून आवडला, कारण तुम्ही नावाच्या आधी भरवशाचा अर्थ विचारलात. जरा सविस्तर लिहितो.

मी बारा वर्षं त्याच पाच मित्रांबरोबर फिरतोय, दोन गाड्यांत. या बारा वर्षांत ज्या ज्या वेळी वाटेत अडकलो ते आठवून पाहिलं, तर गाडी चढली नाही म्हणून अडकल्याचे प्रसंग अगदी थोडे. अडकलो ते काहीतरी मोडलं म्हणून, आणि मोडलं ते बहुतेक वेळा जास्त वजनाने. म्हणून माझं पहिलं आणि सगळ्यात कळकळीचं सांगणं: गाडी बघायला जाण्याआधी स्वतःचं वजन करा. चौघांचं आणि सामानाचं, खरंखुरं, काट्यावर.

प्रत्येक गाडीवर एक पट्टी असते, दाराच्या खांबावर किंवा बॉनेटखाली. तिच्यावर गाडीचं कमाल एकूण वजन लिहिलेलं असतं. त्यातून रिकाम्या गाडीचं वजन वजा केलं की उरतं ते तुमचं. माणसं, पाणी, जादा इंधन, हत्यारं, बंपर, विंच, कॅरिअर, सगळं त्यात बसवायचं. एक बारकावा आहे: रिकाम्या गाडीचं वजन प्रत्येक ठिकाणी एकाच पद्धतीने मोजत नाहीत. युरोपातल्या आकड्यात 75 किलोचा चालक आणि 90 टक्के भरलेली टाकी धरलेली असते, दुसरीकडे तशी नसते. त्यामुळे कागदावर दोन गाड्यांची तुलना करताना फसगत होते. टाकी पूर्ण भरून वजनकाट्यावर उभी केलेली गाडी खरं काय ते सांगते.

आता तुमची जिम्नी. गाडी म्हणून मला ती फार आवडते. पोटाखाली 210 मिलीमीटर मोकळी जागा, बंपर न घासता पुढून 37 अंश आणि मागून 49 अंशांचे कोन, चासीवर बांधलेली, दोन्ही अ‍ॅक्सल सलग. एकट्याने किंवा दोघांनी जायचं असेल तर मी डोळे मिटून तीच सुचवीन. पण तीन दारांच्या गाडीचं कमाल वजन 1,435 किलो आणि तिचं स्वतःचं सुमारे 1,090. हातात राहतात साडेतीनशेच्या आतबाहेर किलो. चार मोठी माणसं बसली की तिथेच ते संपले. मागची सीट उभी असताना डिकी 85 लिटरची, म्हणजे पाण्याचे दोन कॅन आणि हत्यारांची पेटी ठेवली की भरली. चौघांना तीच हवी असेल तर दोन घ्याव्या लागतील. तो पर्याय वाईट नाही, त्याबद्दल पुढे लिहितो.

वजन काय करतं ते मी एकदा डोळ्यांनी पाहिलंय. आमच्यातल्या एकाचा डबल कॅब पिकअप होता. एकूण वजन मर्यादेत होतं, काट्यावर तपासलेलं. पण पाण्याची टाकी, दोन जादा चाकं आणि इंधनाचे कॅन हे सगळं त्याने मागच्या फाळक्याला लागून ठेवलं होतं, मागच्या अ‍ॅक्सलच्या पलीकडे. सलग चार दिवस पन्हाळी पत्र्यासारखा खडबडीत रस्ता होता. चौथ्या संध्याकाळी तंबू ठोकताना माझं सहज लक्ष गेलं. केबिन आणि मागचा हौदा यांच्यातली फट खाली दोन बोटांची होती आणि वर अख्खा पंजा मावत होता. आम्ही कुणी काही बोललोच नाही. मी आडवा होऊन बॅटरीच्या उजेडात पाहिलं तर केबिनच्या मागे चासीला बाक आला होता. रंगाचे बारीक पापुद्रे सुटले होते आणि खालच्या बाजूला धातूला सुरकुत्या पडल्या होत्या. अ‍ॅक्सलच्या पलीकडचं वजन तरफेसारखं काम करतं. प्रत्येक धक्क्याला ते चासी मागे खाली ओढतं आणि पुढे उचलतं. चार दिवसांत असे हजारो धक्के बसले. तिथून पुढे आम्ही ताशी 20 किलोमीटरने आलो, सगळं सामान दुसऱ्या गाडीत घेऊन.

त्यामुळे पिकअप घेतलात तर जड वस्तू केबिनला लागून, खाली ठेवा. टोयोटा हायलक्ससारख्या पिकअपची वजन वाहायची क्षमता बऱ्याच ठिकाणी टनाच्या आसपास असते आणि तुमच्या चौघांच्या गरजेला ती उत्तम पुरते. फक्त मागच्या सीटवर सहाव्या दिवशी कोण बसणार, हे आधी ठरवा. काही डबल कॅबमध्ये मागची पाठ जवळजवळ उभी असते. गाडी बघायला जाल तेव्हा चौघंही जा आणि दोघांनी मागे बसून निदान दोन तास फिरा, शोरूमच्या आवारात पाच मिनिटं नव्हे. मित्रांच्या सहलीत पाठ आणि गुडघे दुखायला लागले की चौथ्या दिवसापासून बोलणं तुटक होतं. हे मी आमच्यात होताना पाहिलंय.

मग भरवसा म्हणजे काय? माझ्या लेखी तीन गोष्टी. तुमचं सगळं वजन घेऊनही जिच्या मर्यादेत थोडं शिल्लक राहतं ती गाडी. जिचे सुटे भाग तुम्ही जाल त्या वाटेवरच्या माणसांना ओळखीचे आहेत ती गाडी. आणि कंपनीने जशी बनवली तशीच ठेवलेली गाडी. टोयोटा लँड क्रूझर 70 मालिका 1984 पासून आहे आणि आजही बनते. संयुक्त राष्ट्रांच्या आणि मदत संस्थांच्या ताफ्यांत ती इतकी दिसते त्याचं कारण कुठली जादू नाही. जाड चासी, साधी बांधणी आणि इतकी वर्षं फारशी न बदललेली रचना. आडगावातल्या मेकॅनिकनेही ती कधीतरी उघडलेली असते. तुमच्या भागात ती मिळत नसेल तर तोच निकष लावा: तिथले मालवाहू आणि प्रवासी गाडीवाले रोज कशावर पोट भरतात ते बघा. ज्या गाडीचा क्लच त्या गावात मिळतो, तीच तुमची भरवशाची गाडी.

तुमच्या कामांच्या यादीबद्दल स्पष्टच लिहितो, राग मानू नका. पहिल्या वर्षी त्यातलं जवळजवळ काहीच करू नका. मोठ्या टायरचा हिशोब घ्या. 265/70 आर 16 हा टायर साधारण 777 मिलीमीटर उंच असतो, 265/75 आर 16 साधारण 804. सत्तावीस मिलीमीटर वाढले, पण अ‍ॅक्सल चाकाच्या मध्यावर असतो, म्हणून त्याखाली मिळतात फक्त साडेतेरा. त्यासाठी चाक जड झालं, ब्रेकवर ताण आला, गिअरची ओढ कमी झाली आणि स्टेपनी जागेवर बसेल की नाही हा नवा प्रश्न उभा राहिला. लिफ्टने तर अ‍ॅक्सलखालची जागा मुळीच वाढत नाही, बॉडी तेवढी वर जाते, आणि तिच्याबरोबर गाडीचा तोलही.

पैसा घालायचाच तर चांगल्या ऑल टेरेन टायरवर घाला. त्यावरचा वजनाचा आकडा बघून घ्या. 112 म्हणजे एका टायरवर 1,120 किलो, 121 म्हणजे 1,450. दुसरं, हवा भरायचा चांगला कॉम्प्रेसर आणि विश्वासाचा प्रेशर मीटर. तुम्ही ज्या वाळूच्या चढावर अडकलात तिथे हवा किती ठेवली होती ते लिहा. माझा अंदाज आहे की कमी केलीच नव्हती.

धुळवाट

रानवाट दादा, इतकं सविस्तर लिहिलंत, मनापासून आभार. हवा कमी केली नव्हती. चारही टायरमध्ये 35 पीएसआय होती. आमच्यापैकी कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

तुम्ही म्हणालात तसं काल चौघांनी मिळून वजन केलं. माणसं 78, 84, 69 आणि 91, म्हणजे 322 किलो. पाणी 40 लिटर, तितकेच किलो. जादा डिझेल 40 लिटर, कॅनसकट 42. टपावरचा तंबू 60, दुसरी स्टेपनी 32, हत्यारं 25, ओढून काढायचे पट्टे, शॅकल आणि फावडं मिळून 25, चौघांच्या बॅगा 60, स्वयंपाकाचं सामान आणि शिधा 40, भरलेला फ्रीज 35, दुसरी बॅटरी 25. बेरीज 706 किलो. बंपर आणि विंच यात धरलेलेच नाहीत. आकडा बघून आम्ही थक्क झालो. अंदाजाने सगळे चारशे-साडेचारशे म्हणत होते.

ज्या जुन्या मोठ्या गाडीचा विचार चाललाय तिच्या पट्टीप्रमाणे हाताशी 640 किलो आहेत. म्हणजे आत्ताच आम्ही 66 किलो वर आहोत. तंबू टपावर न घेता जमिनीवरचे साधे घेतले तर?

रानवाट

अगदी तिथूनच सुरुवात करा. टपावरचा तंबू उतरवला की 60 किलो वाचतील आणि जमिनीवरचे दोन तंबू मिळून 10-12 किलोंत बसतील. शिवाय ते वजन सगळ्यात उंच जागी होतं, तिरक्या उतारावर तेच गाडी कलंडवायला बघतं. चालत्या गाडीत टपावर किती किलो चालतात ते गाडीच्या पुस्तकात लिहिलेलं असतं, आणि कॅरिअरचं स्वतःचं वजनही त्यातच धरायचं असतं. दुसरी बॅटरी आणि फ्रीज ही जोडी आहे, दोन्ही गेले की आणखी 60. फ्रीजशिवाय आम्ही पहिली सहा वर्षं काढली. दुसरी स्टेपनी मात्र ठेवा. टायरच्या बाजूला चीर गेली तर प्लग मारून ती टिकत नाही, आणि दोन टायर एकाच दिवशी गेलेले मी पाहिलेत.

हवेबद्दल आता कायमचं लक्षात घ्या. मऊ वाळूत 18 पीएसआयपासून सुरुवात करा, नाहीच निघाली तर 15. हवा कमी झाली की टायर रुंद होतो असं लोक म्हणतात, खरं तर तो मुख्यतः लांब होतो. जमिनीवर टेकणारा पट्टा पुढे-मागे वाढतो आणि गाडी वाळू खणायच्या ऐवजी तिच्यावर चालते. त्या हवेवर वेग कमी ठेवायचा आणि झटक्याने वळायचं नाही, नाहीतर टायर रिममधून सुटतो. पक्क्या जमिनीवर आलात की लगेच पुन्हा भरायची. तुमची भाड्याची गाडी 18 वर असती तर कदाचित पहिल्याच प्रयत्नात वर गेली असती.

गिअरपेटी

सेकंड हँड गाडीबद्दल मी लिहिते. गेली नऊ वर्षं मी माझ्या आणि मैत्रिणींच्या गटासाठी अशाच गाड्या बघून घेतेय, सातपैकी पाच परत पाठवल्या.

धुळवाट, 1 लाख 90 हजार किलोमीटर हा आकडा बघून घाबरू नका. चासीवरच्या चांगल्या डिझेल गाडीसाठी ते मधलं वय आहे. ते किलोमीटर कसे झाले ते बघायचं. मालकाला सांगा की गाडी सुरू न करता ठेवा, आणि गेल्या गेल्या बॉनेटवर हात ठेवा. कोमट लागलं तर आधी सुरू करून ठेवलीय, म्हणजे थंड स्टार्ट तुम्हाला दाखवायचा नाहीये. त्या दिवशी तिथूनच परत फिरा.

मग खाली झोपा. चादर घेऊन जा. मी मोठ्या स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने चासी टोकापासून टोकापर्यंत ठोकत जाते. चांगल्या लोखंडाचा आवाज खणखणीत येतो, आतून गंजलेल्याचा बद्द. मागच्या अ‍ॅक्सलच्या वर जिथे चासी वळते आणि पाटे जिथे अडकवलेले असतात, तिथे जास्त वेळ द्या. चासीला भोकं असतात, त्यांत बोट घालून बघा. आतून ओला चिखल किंवा गंजाचे पापुद्रे हाताला आले तर बाहेरच्या काळ्या चकचकीत रंगाला भुलू नका. समुद्राच्या पाण्यातून किंवा खारट चिखलातून गेलेली गाडी बाहेरून महिन्याभरात साफ होते, आतून कधीच होत नाही.

इंजिन चालू असताना ऑईलचं झाकण सैल करून त्याच जागी उलटं ठेवा. थोडं थरथरलं तर ठीक. फेकलं गेलं किंवा सतत धुराचे लोट आले तर पिस्टनच्या रिंगा झिजल्यात. फोर बाय फोरचा दांडा स्वतः टाकून बघा, हाय आणि लो दोन्ही, मातीवर किंवा खडीवर. वर्षानुवर्षं न वापरलेला दांडा अडकतो. आणि बोल्टच्या कडा बघा. गिअरबॉक्सच्या किंवा ट्रान्सफर केसच्या बोल्टच्या कडा गोल झाल्या असतील तर ते उघडलं गेलंय, कशासाठी ते विचारा.

शेवटी डिफरन्शियलचा, म्हणजे अ‍ॅक्सलच्या मधल्या गिअरच्या गोळ्याचा, तेलाचा प्लग. मालक तयार असेल तर सोडून बघाच. हे सांगायचं कारण माझी स्वतःची पहिली गाडी. दिवसभर तापवत आणली आणि थंडगार ओढ्यात घातली. अ‍ॅक्सल गरम असतो, पाण्यात शिरला की आतली हवा आकसते आणि बाहेरचं जे असेल ते आत ओढते. हवा घ्यायला तिथे एक छोटी नळी असते, ब्रीदर म्हणतात, माझ्या गाडीत ती धुळीने बुजलेली होती. मग सीलमधून पाणी ओढलं गेलं. मला काही कळलं नाही. तीनशे किलोमीटरवर मागून घरघर सुरू झाली. प्लग सोडला तर तेलाऐवजी करडी पांढरट घट्ट पेज बाहेर आली, आणि प्लगच्या चुंबकावर चांदीच्या भुकटीसारखा गाळ जमला होता. बोटांत चोळला तर चमकत राहिला. ते माझं बेअरिंग होतं. ब्रीदरची नळी लांब करून वर इंजिनच्या बाजूला नेणं हे अर्ध्या दिवसाचं काम आहे. तुमच्या यादीत नव्हतं, सगळ्यात वर घाला.

खडकाळ

गिअरपेटी ताईंशी शब्दाशब्दाला सहमत. एकच विचारतो, जुनी साधी डिझेलच घ्यावी आणि इलेक्ट्रॉनिक्सवाली टाळावी, असं तुमचं दोघांचं मत आहे का? माझी नवी कॉमन रेल डिझेल आहे, तक्रार नाही. सहलीत थोडी भीती वाटते एवढंच.

गिअरपेटी

माझं तसं मत नाही. नव्या इंजिनात पंप साधारण 1,600 ते 2,000 बार किंवा त्याहून जास्त दाबाने डिझेल फवारतो. तिथले भाग इतके काटेकोर असतात की पाण्याचा थेंबही त्यांना सोसत नाही. म्हणजे शत्रू इलेक्ट्रॉनिक्स नाही, घाण डिझेल आहे. कॅनमधून किंवा पिंपातून डिझेल घ्याल तेव्हा गाळणीचं नरसाळं वापरा, पाणी वेगळं करणारा जादा फिल्टर बसवा, दोन फिल्टर जवळ ठेवा. कोड वाचायचं छोटं यंत्रही घ्या, ते खिशात मावतं.

खरी अडचण दोन ठिकाणी येते. डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, असलेली गाडी दिवसेंदिवस लो रेंजमध्ये रांगत राहिली की फिल्टर काजळीने भरतो, त्याला जळून साफ व्हायला एकसारखा वेगाचा प्रवास लागतो. दोन-तीन दिवसांनी अर्धा तास मोकळ्या रस्त्यावर चालवा. आणि या इंजिनांना 10 ते 15 पीपीएम (दहा लाखांत इतके भाग) गंधकाचं डिझेल अपेक्षित असतं. जिथे याहून जास्त गंधकाचं मिळतं अशा देशांतून लांब जायचं असेल तर जुनं साधं इंजिन खरंच सुखाचं. तुम्ही कुठे जाणार यावर ते ठरवा, भीतीवर नको.

उंचीचाही विचार करा. ताजिकिस्तानातल्या पामीर महामार्गावरची अक-बैताल खिंड 4,655 मीटरवर आहे, तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण 56 टक्केच राहतो. टर्बो नसलेलं इंजिन तिथे निम्म्याच्या जवळपास ताकदीवर येतं आणि तुमची गाडी चौघांनी भरलेली असेल.

रानवाट

मित्रांबद्दल दोन गोष्टी राहिल्या होत्या.

दोन गाड्या नेणार असाल तर शक्यतो एकच मॉडेल, एकच टायर. आमच्या दोन्ही गाड्या सारख्या आहेत. एकदा एका गाडीचा पुढचा बुश गेला तेव्हा दुसरीसाठी ठेवलेला जादा बुश तिथल्या तिथे घातला. फॅनबेल्ट, फिल्टर, पाने, स्टेपनी, सगळं एकदाच न्यायचं. पूर्वी आमच्या दोन वेगळ्या गाड्या होत्या तेव्हा सुट्या भागांच्या दोन पेट्या व्हायच्या आणि नेमका हवा तो भाग दोन्हींत नसायचा.

एकच गाडी नेणार असाल तर चौघांनाही ती चालवता यायला हवी, आणि नुसती रस्त्यावर नव्हे. पार्ट टाइम फोर बाय फोरमध्ये पुढचा-मागचा अ‍ॅक्सल एकमेकांना बांधला जातो. वळताना पुढची चाकं मागच्यांपेक्षा लांबचं अंतर कापतात. मातीत चाक जरा घसरून ते जमवून घेतं, कोरड्या डांबरावर घसरू शकत नाही, मग पीळ ट्रान्सफर केसमध्ये साठतो आणि काहीतरी मोडतो. आमच्यातल्या एकाने दोन तासांच्या पाळीत डांबरी रस्त्यावर फोर बाय फोर तशीच ठेवली होती, कारण त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. दांडा सुटेना. शेवटी मातीवर घेऊन गाडी मागे-पुढे केली तेव्हा खट् आवाज होऊन सुटला. चूक आमची होती, सांगायला हवं होतं.

आणि एक गोष्ट हात जोडून सांगतो. अडकलेली गाडी ओढताना पट्टा ट्रेलर ओढायच्या गोळ्याला कधीही अडकवू नका. ताणलेला पट्टा तो गोळा तोडून बंदुकीच्या गोळीसारखा फेकतो, यात माणसं मेली आहेत. चासीला बोल्ट केलेला, ओढण्यासाठीच बनवलेला हूक पुढे आणि मागे आहे का, हे गाडी घेतानाच बघा. नसेल तर सहलीआधी बसवून घ्या. विंच वगैरे पुढच्या वर्षी. आणि पट्टा ताणला जात असताना बाकीच्या तिघांनी लांब उभं राहायचं, मदतीला जवळ यायचं नाही.

धुळवाट

सगळ्यांचे मनापासून आभार. आज सकाळी चौघं पुन्हा बसलो. टपावरचा तंबू, फ्रीज आणि दुसरी बॅटरी यादीतून काढली. जमिनीवरच्या दोन तंबूंचे 12 किलो धरून बेरीज 598 झाली, म्हणजे 640 मध्ये 42 किलो मोकळे. बंपर, विंच, लिफ्ट, मोठे टायर यातलं काहीच नाही. त्या पैशांत चांगले ऑल टेरेन टायर, कॉम्प्रेसर, ब्रीदरच्या नळ्या आणि मागचा हूक. 91 किलोवाला मित्र म्हणाला की पिकअपच्या मागच्या सीटवर तो दोन तास बसून आलाय आणि आठवडाभर बसायची त्याची तयारी नाही, त्यामुळे पिकअप बाजूला ठेवलाय.

रविवारी ती जुनी डिझेल बघायला चाललोय, चौघंही. सुरू करून ठेवू नका असं मालकाला कळवलंय. चादर, मोठा स्क्रूड्रायव्हर, टॉर्च आणि प्लगचा पाना घेतलाय. मालक प्लग सोडू द्यायला तयार आहे, म्हणाला जुनं तेल परत भरू नका, नवीन घेऊन या. म्हणून तेलही घेतलंय. पट्टीवरचा 640 चा हिशोब टाकी भरून काट्यावर पुन्हा करणार आहे. ताई, चासीत बोट घातल्यावर कोरडी बारीक माती हाताला आली तर चालेल का, की तीही वाईट खूण आहे?

गिअरपेटी

कोरडी माती चालेल. त्या वाटांवर फिरलेल्या गाडीत ती असणारच. बोट चाटून बघा, खारट लागली तर नको. आणि प्लगच्या चुंबकावर थोडा काळा मऊ गाळ दिसेल, तो नेहमीच्या झिजेचा असतो. चकचकीत कण किंवा तुकडे दिसले तर मला इथे लिहा, मी रविवारी दिवसभर आहे.